टपावरचा कॅन आणि तापलेलं ऑइल

भिगवणहून बारामतीकडं जाताना एखादी पिकअप मागं ट्रेलर ओढताना दिसली, तर तिच्या टपाकडं बघा. केबिनवर पाण्याचा पांढरा कॅन आडवा बांधलेला असेल. कॅनमधून एक काळी नळी काचेच्या कडेनं खाली उतरून पुढच्या जाळीत शिरलेली असेल. ही नळी ठिबकची, शेतात उसाला पाणी देते तीच. आमच्या भागातले ड्रायव्हर या जोडणीला 'पोपट-ठिबक' म्हणतात.

पोपट हा माझा जुना ड्रायव्हर, पण त्याचा त्या ठिबकशी काडीचा संबंध नाही. ते पहिल्यांदा माझ्या गाडीवर लागलं, भर दुपारी, भिगवण-बारामती रस्त्याच्या कडेला, आणि त्यातला अर्धा वाटा मासळीवाल्या हिराआक्काचा आहे. पोपट तिथं आला तेव्हा सगळं बांधून झालं होतं. तो नुसता हसून गेला. हे मी टपरीवर, गॅरेजात, लग्नाच्या पंगतीत इतक्यांदा सांगितलं आहे, की आता मी तोंड उघडण्याआधीच लोक म्हणतात, "व्हय तात्या, तुमचंच." त्या 'तुमचंच'मध्ये जे हसू असतं ते माझ्या डोक्यात जातं. दिवाळी अंकाच्या संपादकांनी धंद्यातले अनुभव लिहून मागितले, तेव्हा मी मानधनावर घासाघीस केली नाही. मला ओळखणाऱ्यांनी यावरून काय ते समजून घ्यावं.

मी डाळजचा. हायवेवर उभ्या ट्रकच्या काचा पुसण्यापासून स्वतःच्या पिकअपपर्यंत कसा आलो, ते सांगत बसत नाही. कुणाच्या ओळखीनं आलो नाही, एवढं पुरे. माझा धंदा ओढण्याचा. पिकअपच्या मागं मजबूत हुक बसवून घेतला आहे, त्याला लोकांचे ट्रेलर जोडायचे आणि सांगतील तिथं नेऊन पोचवायचे. मळणीयंत्र, लग्नाचा जनरेटर, रसवंतीचा चरक, पाहुण्यांना पक्षी दाखवायला नेणाऱ्यांच्या होड्या, पाण्याच्या टाक्या. पिकअप ही माल पाठीवर घेण्यासाठी केलेली गाडी. तिला मागूनही ओढायला लावलं की तिच्या इंजिनाचं काम वाढतं, आणि ते वाढलेलं काम पहिल्यांदा ऑइलला कळतं.

ज्यांनी कधी बॉनेट उघडलेलं नाही, त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाच्या तळाशी चेंबर असतं, त्यात ऑइल असतं. पंप ते वर ढकलतो, ते लोखंडावर लोखंड घासू देत नाही आणि येताना आतली उष्णता घेऊन खाली येतं. केबिनमध्ये ड्रायव्हरसमोर जो तापमानाचा काटा असतो, तो ऑइलचा नसतो, पाण्याचा असतो. आणि पाण्याचा काटा गावच्या पुढाऱ्यासारखा असतो, खाली काहीही चालू असो, तो सगळं ठीक आहे असंच सांगतो. ऑइल मात्र चढत राहतं. एका मर्यादेपर्यंत त्याला काही होत नाही. त्यापुढं ते ताकासारखं पातळ होतं, पंपाचा दाब पडतो, आणि एक दिवस आतून खडखड ऐकू येते. ती ऐकू आली म्हणजे उशीर झालेला असतो. क्रँक, बेअरिंग, सगळं इंजिन खोलावं लागतं.

माझं एक इंजिन असं गेलं. त्यानंतर मी जुन्या बाजारातून ऑइलच्या तापमानाचा मीटर आणला, त्याचा सेन्सर चेंबरला बसवून घेतला आणि एका मोठ्या गाडीचा जुना ऑइल कूलर रेडिएटरच्या पुढं लावला. कूलर म्हणजे पातळ पत्र्यांची जाळी. तिच्यातून ऑइल फिरतं आणि समोरचा वारा लागून थंड होतं. काटा शंभराच्या आसपास असला की मी गाणी म्हणतो. एकशे वीसच्या पुढं गेला की गप्प बसतो. एकशे तीसला मला कुणी काही विचारू नये.

"तात्या, आपल्याकडं घाट कुठं हाय? ऑइल तापायला घाट लागतो," असं मला शहाणी माणसं सांगतात. घाटात गाडी तापते ती तासाभरासाठी. आमच्या सपाटीवर ती दिवसभर तापते. कारखाने सुरू झाले की रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, एकेकाच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या. त्यांच्या मागं लागलात की चालण्याच्या वेगानं जायचं. गाडीला समोरून वारा मिळत नाही. त्यात वारा पाठीमागून असला, तर गाडी आणि वारा एकाच वेगानं चालतात आणि कूलरला फुंकरही लागत नाही. ट्रॉलीवरून पाचट उडतं, पुढं थंडीत उसाच्या तुऱ्याची पांढरी म्हातारी उडते, आणि ती कूलरच्या जाळीत गादीसारखी बसते. संध्याकाळी उजनी धरणाच्या पाण्याच्या बाजूनं आलात तर चिलटांचा लेप वेगळाच.

आणि हे कमी म्हणून माणसं स्वतःच्या हातानं जाळी बंद करतात. दसऱ्याचा झेंडूचा हार दिवाळीपर्यंत काढायचा नाही. जाळीवर पाटी पाहिजे, पाटीवर मुलाचं नाव पाहिजे. एकदा निवडणुकीत एका उमेदवाराचा जनरेटर ओढत होतो. त्याच्या पोरांनी माझ्या गाडीच्या तोंडावर साहेबांच्या हात जोडलेल्या फोटोचा फ्लेक्स ताणून बांधला. गाव येण्याआधीच काटा चढला. मी उतरून फ्लेक्स फाडला. सरळ दोरी सोडता आली असती, पण मला दोरीची गाठ सुटेना आणि माझं डोकं आधीच सुटलं होतं. उमेदवार मागच्या गाडीतून खाली उतरून म्हणाला, "तात्या, आमचं तोंड फाडलंत तुमी."

"तोंड तुमचं हाय, पण श्वास माझ्या गाडीचा बंद झालाय," मी म्हणालो.

तो निवडून आला. मला त्याचं पुन्हा काम मिळालं नाही. अशी बरीच गिऱ्हाइकं मी तोंडानं घालवली. दुसरा एक गडी होता, गाडी तापते म्हणून चेंबरमध्ये खुणेच्या वर दोन डबे जास्तीचं ऑइल ओतायचा. जास्त ऑइल म्हणजे जास्त थंड, असा त्याचा हिशेब. प्रत्यक्षात क्रँक त्या जास्तीच्या ऑइलमध्ये रवीसारखा फिरतो, फेस होतो आणि ऑइल आणखी तापतं. मी त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मग तुमी कशाला कूलर लावलाय?" त्यावर मी काय म्हणालो ते या अंकात छापता येणार नाही.

आता हिराआक्का.

हिराआक्का भिगवणच्या मासळी बाजारात बसते. माझ्याहून थोडी मोठी, आवाज माझ्याहून दुप्पट मोठा. तिनं बाजारात मासे विकण्याबरोबर मत्स्यबीज, म्हणजे तळ्यात सोडायची माशांची पिल्लं, तयार करायचं मनावर घेतलं होतं. त्यासाठी अंडी देणारे मोठे मासे, कटला आणि रोहू, वर्षभर जपावे लागतात, आणि उजनीचं पाणी उन्हाळ्यात मागं हटतं. म्हणून तिला बारमाही पाण्याचं शेततळं हवं होतं. वडगाव निंबाळकरला कालव्याच्या भागात ऊसवाले एक आबा होते, त्यांचं प्लास्टिकचा कागद अंथरलेलं मोठं तळं होतं. आबांनी तिला सांगितलं होतं, "एक खेप आण. मासं जगलं तर तळं तुझं. मेलं तर माझं पाणी नासंल, ठिबकचा फिल्टर तुंबंल. मग मी दुसऱ्याला देतो, दोघं जण मागं लागल्यात." आक्कानं महिनाभर खपून एक-एक मासा निवडून ठेवला होता. पुन्हा तसे जमवायला तिला पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागलं असतं, आणि तोवर तळं राहिलं नसतं.

दिवाळीच्या थोडं आधीची गोष्ट. ऊन तापलेलं, कारखाने नुकतेच सुरू झालेले. आक्कानं भाड्यानं आणलेल्या ट्रेलरवर टाकी होती, टाकीत ऑक्सिजनच्या नळकांड्याची नळी सोडलेली, आणि पाणी काठोकाठ.

"अर्धी टाकी रिकामी कर," मी म्हणालो. "एवढं वजन घेऊन जायचं न्हाय मला."

"अर्ध्या टाकीत पाणी हिंदकळतंय. मासं भिंतीवर आपटून मरत्यात. काठोकाठ असलं की गप ऱ्हात्यात."

हे मला पटलं. हिंदकळणारं पाणी ट्रेलरलाही ओढतं, ते मी स्वतः भोगलं आहे. पण पटलं असं तोंडावर कसं दाखवायचं? मी भाडं वाढवलं. तिनं कमी केलं. शेवटी जिथून सुरू झालो होतो तिथंच आलो आणि दोघंही आपण जिंकलो असं समजून निघालो.

आक्का केबिनमध्ये बसली नाही. पिकअपच्या हौद्यात मागं तोंड करून बसली, डोक्यावर छत्री, नजर टाकीवर. टाकीत दोरीला बांधलेला काचेचा तापमापक सोडला होता, तो मधूनमधून काढून बघायची. शेजारी बर्फाच्या लाद्या फोडून जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलेल्या होत्या, पिशव्यांवर पोती. पाणी तापायला लागलं की एक पिशवी टाकीत सोडायची. म्हणजे ती तिच्या काट्याकडं बघत होती आणि मी माझ्या.

भिगवण मागं पडलं आणि उसाच्या ट्रॉल्या पुढं आल्या. रस्ता नैऋत्येला, वारा ईशान्येचा, बरोबर पाठीमागून. मी करायचं ते सगळं केलं. मोठ्या गिअरमध्ये इंजिनाला रडवायचं नाही, एक गिअर खाली घेऊन हलक्या पायानं चालवायचं. पुढच्या ट्रॉलीपासून अंतर ठेवायचं, म्हणजे तिची गरम हवा आणि पाचट आपल्या तोंडावर येत नाही. तरी काटा एकशे वीसवरून हलून पुढं निघाला. एका शेताकडं जाणाऱ्या वाटेत गाडी वळवून मी तिचं तोंड वाऱ्याकडं केलं आणि थांबलो. इंजिन बंद केलं नाही. तापलेली गाडी एकदम बंद केली की ऑइल जिथल्या तिथं उभं राहून करपतं. ती थोडा वेळ मोकळी चालू ठेवायची, म्हणजे ऑइल फिरत राहून निवतं.

मागून आवाज आला, "का थांबला रं?"

"ऑइल तापलंय."

"तापू दे की. दुपार हाय, समदंच तापतंय."

"आक्का, इंजिन बसलं तर तुझं मासं हितंच तळायला लागतील."

"जिभंला हाड हाय का तुझ्या? चल म्हंते!"

मी माझ्या पिण्याच्या कॅनमधलं पाणी कूलरच्या जाळीवर ओतलं. चर्र झालं, वाफ उठली, काटा झपकन खाली आला. आम्ही निघालो. थोडं गेलो आणि काटा पुन्हा वर. पुन्हा थांबलो. आता कॅन कोरडा. कालव्याचं आवर्तन सुटलेलं नव्हतं, जवळच्या पाटाच्या चाऱ्या कोरड्या ठणठणीत, आणि वस्ती दिसत होती ती पार शेताच्या पलीकडं. आक्का हौद्यातून खाली उतरली. टाकीतले मासे वर येऊन तोंडं उघडत होते. ते मलाही दिसत होतं.

"टाकीतलं दोन बादल्या पाणी दे," मी म्हणालो.

"तांब्याभर मिळायचं न्हाय."

"एक बादली."

"तात्या, तू गाडी जपतोस. माझा जीव टाकीत हाय."

"गाडी जपली न्हाय तर तुझा जीव घेऊन मी काय डोक्यावर जाऊ? बरं, बर्फ दे. एकच पिशवी."

"तुझ्या लोखंडाला बर्फ? आन माशांना काय, पदरानं वारा घालू?"

"अर्धी पिशवी."

"न्हाय."

मी म्हशींपासून ट्रेलरपर्यंत सगळ्याचे सौदे केले आहेत. समोरच्याला काय नको आहे ते कळलं की सौदा होतो, हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी मी इतका तापलो होतो, की हे मला सुचलंच नाही. मी ओरडत होतो, ती ओरडत होती, इंजिन मोकळं फिरत होतं. ओरडता ओरडताच तिनं टाकीत हात घालून विरघळलेल्या बर्फाची पिशवी बाहेर काढली आणि रस्त्यावर ओतण्यासाठी गाठ सोडायला लागली.

"ए, थांब! ते कुठं ओततीस?"

ती पिशवीकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. "हे मला नगंच," ती म्हणाली. "बर्फाच्या कारखान्यात पाण्याला औषध असतंय. म्हणून तर पिशवीत बांधलाय. हे पाणी माशांच्या कल्ल्याला लागलं तर जळत्यात." मग तिनं माझा कॅन ओढून घेतला आणि पिशवी त्यात रिकामी केली. "घे. जेवढा बर्फ विरघळंल तेवढं पाणी तुझं. त्याच्या वर थेंब न्हाय."

सौदा झाला. तिनं मला जे दिलं ते तिला नको होतं, आणि मला दुसरं काही नको होतं. धंद्यातला माझा सगळ्यात चांगला सौदा तो, आणि तो मी केला नाही, तिनं केला.

पण एक अडचण राहिली. कॅन एकदम ओतला तर पाणी वाफ होऊन जातं आणि दोन वळणांवर काटा पुन्हा जागेवर येतो. मला पाणी हळूहळू द्यायचं होतं. हौद्यात आदल्या दिवशीच्या भाड्यातला ठिबकच्या नळीचा तुकडा पडला होता, पोचवलेल्या बंडलातून सुटलेला, त्याला छोटा कॉकही होता. मी कॅन टपावर आडवा बांधला, नळी खाली आणली, तिची भोकं कूलरच्या वरच्या कडेवर येतील अशी जाळीला तारेनं आवळली आणि कॉक थोडा उघडला. थेंब पडायला लागले. चर्र... चर्र... चर्र. काटा उतरला आणि उतरलेलाच राहिला. उसाला जसं पाणी मुळाशी द्यायचं, तसंच हे.

नेमक्या त्याच वेळी पोपट आला. पोपट आधी माझ्याकडं ड्रायव्हर होता, नंतर त्यानं स्वतःची पिकअप घेतली. माझ्याकडून तो बरंच शिकला, हे तोही नाकारत नाही. फक्त काय शिकला ते सांगत नाही. त्यानं गाडी शेजारी उभी केली, खाली उतरला, टपावरचा कॅन बघितला, नळी बघितली.

"तात्या, गाडीला सलाईन लावलंय व्हय? ॲडमिट कधी केली?"

आक्का म्हणाली, "तुलाबी लावती, ये. झोप हितं चाकापुढं."

"आक्का, डॉक्टर बदला," तो म्हणाला आणि पोट धरून हसला. तोंड हसत होतं, डोळे मात्र नळीच्या भोकांवर होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं. महिन्याभरात त्याच्या टपावर कॅन आला, मग त्याच्या मेहुण्याच्या, मग सगळ्यांच्या, आणि त्याच्या तोंडाला फेस येईपर्यंत तो सगळ्यांना ती आपलीच युक्ती म्हणून समजावून सांगत राहिला. एवढं मात्र तो सांगायला विसरला, की बोअरचं पाणी वापरू नका. आमच्या भागात बोअरच्या पाण्याला क्षार. जाळीवर पांढरा थर बसतो आणि कूलर कायमचा बंद होतो. अर्धी युक्ती उचलली की असं होतं. त्याची दोन गिऱ्हाइकं मग माझ्याकडंच कूलर धुवायला आली. मी धुऊन दिले. जास्त बोललो, पण धुऊन दिले.

तर पुढं. बारामतीच्या बाहेरून वडगावच्या रस्त्याला लागेपर्यंत आमची घडी बसली. एक पिशवी विरघळली की आक्का केबिनच्या मागच्या काचेवर चापट मारायची, मी थांबायचो, पाणी कॅनमध्ये, नवी पिशवी टाकीत, पुन्हा पुढं. तिचं पाणी निवायचं, माझं ऑइल निवायचं. पण बर्फ संपत आला तसा ऑक्सिजनचा दाबही उतरला. शेवटच्या थांब्याला आक्का ओरडली नाही. ती गप्प बसली होती. मला तिच्या ओरडण्यापेक्षा त्याची भीती वाटली.

आबांच्या शेतात जायची वाट मऊ काळ्या मातीची, दोन्ही बाजूला डोक्याच्या वर ऊस. असल्या वाटेनं भरलेला ट्रेलर ओढायचा म्हणजे इंजिनाला सगळ्यात जास्त त्रास, वेग नाही, वारा नाही. कॅन रिकामा होता. मी तोंडाशीच थांबलो. आबा मोटारसायकलवर वाट बघत होते.

"आत घ्या की! थांबला का?"

"आबा, कॅनभर पाणी पाहिजे. आधी पाणी."

आबांनी मोटारसायकलवरूनच उसाकडं बोट केलं. मी कडेच्या ठिबकच्या नळीचं टोक उघडलं, ते पाणी तळ्यातलंच, गाळून आलेलं. कॅन भरला. आबा कॅनकडं आणि नळीकडं बघत म्हणाले, "आता गाडीलाबी ठिबकचं अनुदान मागा." मी दुसऱ्या गिअरात, काट्यावर डोळा ठेवून, तळ्याच्या बांधापर्यंत गाडी आणली.

टाकीत काही मासे आडवे झाले होते.

आबांनी आत डोकावून बघितलं आणि त्यांचा आवाज बदलला. "हिरा, मेलेलं मासं माझ्या तळ्यात सोडायचं न्हाय. आधीच सांगितलं हुतं."

"मेलं न्हाईत," आक्का म्हणाली. ती तळ्यातलं पाणी बादलीनं आणून थोडं थोडं टाकीत घालत होती. एकदम सोडलं तर दोन पाण्यांच्या फरकानं मासा मरतो. मी म्हणालो, भराभर सोडून मोकळी हो, तर तिनं माझ्याकडं बघितलंही नाही.

मग तिनं तळ्याच्या खांबाला बांधलेला दोर कमरेला लावला, पदर खोचला आणि प्लास्टिकच्या निसरड्या उतारावरून पाण्यात उतरली. चांगले मासे आधी सोडले. ते खोल निघून गेले. आडवे झालेले एक-एक करून ती दोन्ही हातांत धरायची आणि पाण्यात पुढं-मागं, पुढं-मागं न्यायची, म्हणजे कल्ल्यांतून पाणी फिरतं. काही तिच्या हातातून सुटून गेले. काही नाही गेले, ते तिनं बांधावर ठेवले. शेवटी एक मोठी कटल्याची मादी राहिली, सगळ्यात मोठी, पोट वर करून.

"ती गेली," आबा वरून म्हणाले. "टाक बाहेर."

आक्कानं तिला बाहेर टाकली नाही, पण तिचे हात आता भरून आले होते. ती म्हणाली, "तात्या, ये."

"मी?"

"मग काय कॅनला बोलावू?"

मी दुसरा दोर धरून खाली उतरलो. मला पोहता येतं, पण असल्या कागदाच्या तळ्यात पाय ठेवायला मी आजवर कुणाच्या बापाचं ऐकून तयार झालो नसतो. तिनं तो मासा माझ्या हातात दिला आणि स्वतः काठाला टेकली. मासा थंड आणि जड होता. मी पुढं नेला, मागं आणला, पुढं नेला. मला वाट बघता येत नाही. सिग्नलला, दवाखान्यात, बँकेत, कुठंच नाही.

"किती वेळ करायचं?"

"ती सांगंल."

मी करत राहिलो. खांदे दुखायला लागले. मग माझ्या तळहाताखाली काहीतरी हललं, कल्ल्याचं झाकण, एकदा, आणि बऱ्याच वेळानं पुन्हा एकदा. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर थांबलं असतं, असं वाटत होतं. मग ते नेमानं हलायला लागलं. मग तिनं शेपटीचा एक फटका असा मारला की माझ्या तोंडावर, चष्म्यावर पाणी उडालं, आणि हात रिकामे.

आक्कानं पाण्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "चष्मा पुस."

दोर ओढून मला वर घेतलं ते आबांनी. त्यांनी बांधावरचे मेलेले मासे एका पाटीत भरले, कुंपणापलीकडं खड्डा काढायला गड्याला सांगितलं, आणि खिशातून कुंपणाच्या फाटकाची किल्ली काढली. ती आक्काला देताना म्हणाले, "फाटक उघडं ठेवू नगंस. कुत्री येत्यात."

आक्कानं किल्ली कमरेला खोचली.

परतताना ती केबिनमध्ये बसली. दोघंही ओलेचिंब, गादी भिजलेली, गाडीत मासळीचा वास. टाकी रिकामी, काटा शंभराच्या खाली. बारामती जवळ आली तशी ती म्हणाली, "एवढ्यांदा थांबलास. थांबल्याचं भाडं मी देत नसती."

"मी तळ्यात उतरलो त्याचं कोण देणार?"

"तुला कोण म्हणलं उतर?"

"तूच म्हणलीस!"

"मी 'ये' म्हणलं. 'उतर' कुठं म्हणलं?"

बारामतीत सिग्नलला गाडी थांबली तेव्हा आमचा आवाज इतका चढला होता, की शेजारी मोटारसायकलवर थांबलेल्या माणसानं हेल्मेट काढून केबिनमध्ये डोकावलं. आम्ही दोघं ओले, केस विस्कटलेले.

"काय झालं, आक्का?" त्यानं घाबरून विचारलं. "ॲक्सिडेंट झाला का?"

"न्हाय रं बाबा," आक्का म्हणाली. "मासं जगलं."